किरमिजी सावलीत बघावा

आमच्या दुकानात येऊन "मरून ब्लाउजपीस दाखवा" म्हणणाऱ्या बाईचं पुढे काय होतं, ते मी अकरा वर्षं रोज बघितलंय. आधी आमचे मालक, म्हणजे काका, चष्मा काढायचे. तो सदऱ्याच्या टोकाला पुसायचे. पुन्हा डोळ्यांवर चढवून त्या बाईकडे असे बघायचे, की तिला वाटावं आपण भलत्याच दुकानात शिरलो. आणि मग म्हणायचे, "मरून नावाचा रंग आम्ही ठेवत नाही."

बाई बिचारी मागच्या फळीकडे बोट दाखवायची. "तो काय आहे की, तिथं!"

"तो किरमिजी. शेजारचा डाळिंबी. खाली लाखी, त्याच्या पलीकडे विटकरी. यातला नेमका कुठला आपल्याला मरून वाटतो ते आपण ठरवा, तोवर मी चहा घेऊन येतो."

आणि खरंच जायचे हो! भर लग्नसराईत, गिऱ्हाईक काउंटरला उभं असताना! मी आपली तोंड वेंगाडून "बसा ना ताई, पाणी देऊ?" करत उभी. तळपायाची आग मस्तकात जायची. एखादी चेष्टेखोर बाई म्हणायची, "अहो काका, मरून काय मिळणार, जिवंतपणीच द्या." सगळे हसायचे. काकांच्या चेहऱ्यावरची माशी हलायची नाही.

लक्ष्मी रोडला लागून असलेल्या एका बोळात त्यांचं मॅचिंग सेंटर होतं. साडी तुम्ही कुठूनही घ्या, आमच्याकडे तिच्यावरचा ब्लाउजपीस, अस्तर आणि फॉल, बस. चार माणसं शिरली की पाचव्याला पायरीवर उभं राहावं लागे. छतापर्यंत फळ्या, आणि त्यातली एक अख्खी भिंत नुसत्या लालची. बाकीचे रंग काका विकायचे. लाल मात्र ते द्यायचे, म्हणजे समोरचं माणूस त्याला लायक आहे असं त्यांना वाटलं तरच.

मी मूळची वऱ्हाडातली. लग्न होऊन पुण्याला आले, बिबवेवाडीत दोन खोल्या, नवरा कारखान्यात, पदरात दोन लेकरं. नोकरी हवीच होती. कोणीतरी या दुकानाचं सांगितलं म्हणून गेले. काकांनी काउंटरवर सात पीस मांडले आणि विचारलं, "यात लाल किती?"

मी म्हटलं, "सगळेच."

"उद्यापासून या," काका म्हणाले. "ज्याला काहीच येत नाही त्याला शिकवता येतं. ज्याला थोडं येतं त्याच्यापुढे ब्रह्मदेवाचंही चालत नाही."

पहिले चार महिने मी फक्त लाल बघितला. सकाळी आले की बावीस पीस घ्यायचे आणि पिवळटाकडून निळसराकडे ओळीने लावायचे. एक जरी इकडचा तिकडे झाला तरी ते सगळी ओळ विस्कटून टाकायचे. "किरमिजी म्हणजे काय ते ध्यानात ठेवा," ते म्हणायचे. "खोल लाल, पण त्याच्या पोटात थोडा निळा पाहिजे. पिवळा अजिबात नको. पिवळा शिरला की तो विटकरी झाला, तपकिरी शिरला की लाखी. आणि लोक या सगळ्यांना मिळून मरून म्हणतात. मरून हा रंग नव्हे बाई, तो आळस आहे." त्या चार महिन्यांत मला स्वप्नंसुद्धा लाल पडायची. नवरा म्हणाला, सोड ती नोकरी. मीही रोज संध्याकाळी स्वारगेटला बस बदलताना म्हणायची की उद्या सोडतेच.

त्यातून कपड्यांचा जाच. काका स्वतः पांढरा सदरा, पांढरा लेंगा. मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "रंगीत साडी नेसून माझ्या काउंटरला उभं राहायचं नाही. आपल्या हिरव्या पदराची झाक कापडावर पडते." आता काय करायचं सांगा! पांढरी साडी नेसून घराबाहेर पडले तर सासूबाईंनी दारातच कपाळावर हात मारून घेतला. "अगं, माझा लेक धडधाकट बसलाय ना घरात, आणि हे काय अभद्र?" शेवटी मी पांढरा डगला शिवून घेतला आणि दुकानात शिरल्यावर साडीवरून चढवायला लागले. त्या डगल्यामुळे येणारीजाणारी माणसं मला कंपाउंडर समजून खोकल्याचं औषध मागायची. काकांना त्यात काहीही वावगं वाटलं नाही.

त्यांचा सगळ्यात मोठा छळवाद म्हणजे उजेड. ट्यूबलाइटखाली गडद रंग जुळवायचा नाही, हा नियम. गिऱ्हाइकाची साडी आणि आपला पीस घेऊन ते बाहेर फुटपाथवर जायचे, आणि उन्हात नव्हे बरं का, समोरच्या भिंतीच्या सावलीत उभे राहायचे. "उन्हात कुणीही देखणं दिसतं. किरमिजी सावलीत बघावा." मग गिऱ्हाइकालाही तिथं उभं करायचं, तिच्याकडून बघून घ्यायचं, आणि नाव म्हणवून घ्यायचं. "म्हणा, किरमिजी." म्हटलं नाही तर पुडकं हातात पडायचं नाही. सरकारी हुद्द्यावरच्या बायका शाळेतल्या पोरींसारख्या फुटपाथवर "किरमिजी" म्हणताना मी पाहिल्यात. दिवे लागले की लाल विक्री बंद. आणि पावसाळ्यात तर दारावर पाटीच असायची: 'आभाळ आले असल्यास गडद लाल दाखवला जाणार नाही. वाद घालू नये.' आषाढ-श्रावणात आठ आठ दिवस आभाळ उघडायचं नाही पुण्यात. आम्ही आपले अस्तर विकत बसायचो.

एकदा एक बाई सत्यनारायणाला नेसायच्या साडीवर पीस घ्यायला आल्या. चांगल्या तयार झाल्या होत्या, पिशवी पुढे केली होती. तेवढ्यात काकांना ज्ञान पाजळायची हुक्की आली. "किरमिज म्हणजे किडा, बरं का. पूर्वी झाडावरचे हे किडे गोळा करून वाळवायचे, कुटायचे, आणि त्यातून हा रंग निघायचा." बाईंनी पीस असा टाकला काउंटरवर, की जणू हातात झुरळ आलं. गेल्या निघून. मी म्हटलं, "काहो काका, आता सगळं रसायनाचं असतं ना? कशाला सांगायचं?" तर म्हणे, "रंग रसायनाचा आहे. शब्द किड्याचाच आहे." घ्या! असल्या माणसापुढे डोकं फोडून घ्यायचं की नाही?

मग शहर बदलायला लागलं. घराघरातून पोरी कॉम्प्युटर शिकून कंपन्यांत लागल्या, काही तिकडे अमेरिकेत गेल्या. एक दिवस एक आजी रंगीत कागद घेऊन आल्या. नातीने तिकडून साडीचा फोटो ई-मेलने पाठवला होता, आजोबांनी सायबर कॅफेत जाऊन तो छापून आणला होता. "याला मॅचिंग द्या." काकांनी कागद दोन बोटांत धरला, उलटा केला, सुलटा केला. "नात हा कागद नेसणार आहे का?" आजींचा चेहरा पडला. मी त्यांना पायरीवर गाठून अंदाजाने एक पीस दिला, तर आत आल्यावर काका माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

कॉम्प्युटरवालीच एक मुलगी मात्र त्यांना पुरून उरली. वाघोलीकडे कुठेशी राहायची, बोलायला फटाकडी. "काका, आमच्या स्क्रीनवर लाखो कलर्स दिसतात, माहितीये?"

"त्यातला किरमिजी कुठला?"

"असेल ना! मी चेक करून सांगते."

आणि पुढच्या खेपेला खरंच आली सांगायला. "नाहीये हो काका. त्या लिस्टमध्ये मरून आहे फक्त."

काका इतके खूश झाले की त्यांनी त्या दिवशी तिला आणि मला चहा पाजला. "स्क्रीनवर रंग दाखवता येतो," ते म्हणाले, "ओळखायला माणूस लागतो." मुलगी हसून म्हणाली, माझं लग्न ठरलं की शालूवरचा पीस तुमच्याकडूनच. तेव्हापासून ती आली की काका चहाला जायचे नाहीत.

आता मूळ गोष्टीकडे येते, जी सांगताना आजही माझा जीव कासावीस होतो. दुकानात मला आठ-नऊ वर्षं झाली असतील. एका दुपारी काका बाहेर सावलीत साडी जुळवून आत आले आणि माझ्या हातात पीस दिला. "किरमिजी. बांधा." मी बघितलं आणि बघतच राहिले. तो विटकरी होता. धडधडीत विटकरी! मला वाटलं माझी परीक्षा घेताहेत. त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड अगदी निवांत.

मी मागे वळले, फळीवरून बरोबर पीस काढला, तो बांधला आणि विटकरी परत जागेवर ठेवला. एकदा झालं असेल, म्हटलं. पण मग आठवड्यातून दोनदा, मग रोज. निळसरपणाच दिसेनासा झाला होता त्यांना. मी काकूंना गाठलं. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी, अत्यंत शांत बाई, त्या माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे दुसरा इलाजच नव्हता. त्या म्हणाल्या, "मोतीबिंदू आहे गं दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरांनी सांगितलंय ऑपरेशन करा, भिंग बसवू. ऐकतील तर शपथ!"

का ऐकत नव्हते? तर दवाखान्याच्या पडद्यांचा रंग कुठला, असं यांनी डॉक्टरांना विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, मरून. "आणि असला माणूस माझ्या डोळ्यात भिंग घालणार? त्यातून मला जे दिसेल तो किरमिजीच असेल, याची हमी कोण देणार?" झालं. त्यापुढे ब्रह्मदेवाचं काय, काकूंचंही चाललं नाही.

"पण तू त्यांना चुकताय असं सांगू नकोस," काकूंनी माझा हात धरला. "या एका नजरेवर आयुष्य काढलंय त्यांनी. ती गेली असं कळलं तर दुकानाची पायरी चढायचे नाहीत, आणि घरी बसले तर फार दिवस काढायचे नाहीत. मी ओळखते त्यांना."

घ्या! म्हणजे आता माणूस चुकणार, आणि ते निस्तरून वर ते त्याला कळू न देण्याची जबाबदारी माझी. दोन वर्षं मी ते केलं. त्यांनी दिलेला पीस घेऊन मागच्या टेबलाशी जायचं, अंगाआड बदलायचा, कागदात गुंडाळायचा. त्याला वेळ लागायचाच. आणि हे समोरून ओरडणार, "पुडकं बांधताय की आत बाळंतविडा शिवताय?" गिऱ्हाइकं हसायची. मी दात-ओठ खात सुतळी बांधायची. किती वेळा जिभेच्या टोकावर आलं असेल, की अहो, तुमची अब्रू बांधतेय या कागदात! पण गिळलं.

माझी एकच भीती होती, की मी नसेन त्या दिवशी काय. आणि तसंच झालं. धाकट्याला कांजिण्या आल्या, मी आठवडाभर घरी. आणि त्याच आठवड्यात ती कॉम्प्युटरवाली मुलगी शालू घेऊन आली.

मी कामावर परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी तिची आई दुकानात आली. मुलगी बरोबर होती, पण गप्प. लग्न तीन दिवसांवर. आईने काउंटरवर शालू उलगडला आणि त्यावर शिवून आलेला ब्लाउज ठेवला. ट्यूबलाइटखालीसुद्धा मला दिसलं.

"काका, हा काय रंग म्हणायचा?" आई म्हणाली.

"किरमिजी."

"तुम्ही बघून सांगा."

काका शालू आणि ब्लाउज घेऊन बाहेर गेले. आम्ही तिघी मागोमाग. ते सावलीत उभे राहिले. दोन्ही हातांवर कापड धरून बराच वेळ बघत राहिले. "किरमिजीच आहे," ते म्हणाले, पण आवाज नेहमीचा नव्हता.

त्या बाई चिडल्या नाहीत, त्यानेच जास्त लागलं. "माझ्या लग्नातला ब्लाउजही तुमच्याकडचाच," त्या म्हणाल्या. "किरमिजी म्हणजे काय, हे तुम्हीच मला इथं, याच जागेवर उभं करून शिकवलंत. ते शिकले नसते, तर हा आज मला चालला असता." आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही सांगा हो."

मुलगी म्हणाली, "आई, जाऊ दे ना. फोटोत काय कळणारे?"

काका माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, हो म्हणावं, किरमिजी आहे म्हणावं, आणि धरणीने पोटात घ्यावं. पण त्या पोरीचं लग्न होतं. आणि चार महिने ती बावीस पीसांची ओळ मी उगाच लावली नव्हती. मी म्हटलं, "काका, विटकरी आहे."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी कापडं माझ्या हातावर ठेवली. "यांना बरोबर पीस द्या," म्हणाले, आणि दुकानात न शिरता तसेच बोळातून घराकडे निघून गेले. मी पीस दिला. शिंप्याच्या हातापाया पडून आईने दोन दिवसांत ब्लाउज शिवून घेतला, तो वेळेत झाला. आधीचा विटकरी ब्लाउज त्या काउंटरवरच ठेवून गेल्या.

दुसऱ्या दिवशी शटरवर कागद: 'दुकान बंद आहे. चौकशी करू नये.' तिसऱ्या दिवशी तोच कागद. चौथ्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी तडक त्यांच्या घरी गेले. दोन जिने चढून. काका भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसले होते. काकूंनी नजरेनेच सांगितलं, जेवत नाहीत.

राग आला की माझी पुण्याची भाषा उडून जाते. "काहून असे बसले?" मी ओरडलेच. "तुमाले दिसत नाही त सांगाले काय होते? डॉक्टर म्हनते डोये नीट होतात, बायको हात जोडते, आन् तुमी पडद्याच्या रंगावरून भांडता? तुमी काय लहान लेकरू हाय का?" आणखीही पुष्कळ बोलले. सगळं आठवत नाही. रडत होते ते आठवतं.

काकांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "हळू बोला. शेजारी माणसं राहतात." आणि थोड्या वेळाने, "डॉक्टरांना विचारा, दोन्ही डोळे एकदम करतात का? एक तरी माझा राहू दे."

एकेकच करतात, काकू म्हणाल्या. डावा आधी करायचं ठरलं.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघणार होती. आदल्या संध्याकाळी काकूंचा निरोप आला, की त्यांनी तुला बोलावलंय, आणि येताना तो परत आलेला विटकरी ब्लाउज आण आणि एक किरमिजी पीस आण म्हणाले. मी म्हटलं, आता काय नवीन खूळ? पण घेऊन गेले.

पट्टी काढून, डोळ्यात थेंब घालून त्यांना बाहेर सोडलं. काळा चष्मा दिला होता. आठ दिवस डोळ्याला हात लावायचा नाही, पाणी लागू द्यायचं नाही, चोळायचं तर अजिबातच नाही, हे नर्सने तीनदा सांगितलं. दवाखान्याला पुढे ओसरी होती. तिथं येताच काकांनी चष्मा काढला. काकू म्हणाल्या, "अहो, घाला तो!" ऐकतील कशाला? "द्या," ते मला म्हणाले.

मी एका हातावर ब्लाउज आणि दुसऱ्या हातावर पीस धरून त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी डावा डोळा मिटला आणि नुसत्या उजव्या, जुन्या डोळ्याने बघितलं. मग उजवा मिटला आणि डाव्याने बघितलं. पुन्हा उजव्याने. पुन्हा डाव्याने. किती वेळा केलं देव जाणे. माझे हात भरून आले.

"याने बघितलं की दोन्ही एकच आहेत," ते म्हणाले. "अगदी एक. आणि याने बघितलं की..." त्यांनी ब्लाउजवर बोट ठेवलं.

मग म्हणाले, "हा मी त्या मुलीला दिला."

"हो."

"लग्नाच्या शालूवर."

"हो, काका."

"त्याआधी किती दिवस असं चाललं होतं?"

खोटं बोलायचं मी मनात ठरवून आले होते. पण त्या दोन डोळ्यांपुढे ते जमेना. "दोन वर्षं," मी म्हटलं. "पण गिऱ्हाइकांना बरोबरच गेले. मी आत बदलत होते."

"सगळे?"

"सगळे. ही एकच सुटली."

काका माझ्याकडे बघत राहिले. आता ओरडतील, असं मला वाटलं. मला फसवलंत म्हणतील, उद्यापासून येऊ नका म्हणतील. "मला सांगायचं होतंत," ते म्हणाले. "मी ऐकलं असतं."

मी काकूंकडे बघितलं. काकूंनी माझ्याकडे.

"नसतं ऐकलं," ते म्हणाले.

आणि त्यांचे डोळे भरून आले. दोन्ही. जुनाही आणि नवाही. "अहो, पाणी! पाणी लावायचं नाही सांगितलंय ना!" काकू घाबरून ओरडल्या. त्यांचा हात डोळ्याकडे निघालेला बघून मीही ओरडले, "डोयाले हात नोका लावू, काका!" त्यांनी पहिल्यांदाच कुणाचं तरी ऐकलं. हात तसाच अर्ध्यावर थांबला. काकू पदर घेऊन पुढे झाल्या, पण पदरही लावायचा नव्हता, त्याही थांबल्या. आम्ही तिघं त्या ओसरीवर तशीच उभी राहिलो, आणि ते पाणी त्यांच्या गालांवरून खाली येत राहिलं, ते पुसायची आमच्यापैकी कुणालाच परवानगी नव्हती.